मदत हवी आहे : कोल्हापुरात सापडलेला हा समुद्री पक्षी कुठला असेल?

मंडळी जरा तातडीनं सांगा. रात्रभर वारं-पाऊस नुसता झोडपत होता आणि सकाळी रंकाळ्याजवळ आमच्या शेजारच्या काकांच्या गच्चीवर एक पक्षी बसलेला दिसला. काका म्हणतात पाणकावळा, पण मला नाही वाटत. अंगानं कावळ्याएवढा, पंख मात्र लांबलचक आणि अरुंद, सगळा गडद चॉकलेटी, पोटाला पांढरं काहीच नाही, पाय फिकट गुलाबी आणि बोटांत पडदा. चोच गुलाबीसर, टोक काळपट आणि खाली वाकलेलं, आणि चोचीच्या बुडाशी वर नाकपुड्यांची नळी आहे, त्यावरनं शिअरवॉटर (लांब पंखांचा समुद्री पक्षी) असावा असं वाटतंय. पण त्यातली जात कुठली, वेज-टेल्ड की फ्लेश-फूटेड? जखम दिसत नाही, तरी उभा राहीना, छातीवर सरकतोय, पाय मोडलाय का ओ? काका रंकाळ्यात सोडूया म्हणतायत, मी थांबवलंय. खूप जीव तुटतोय त्याच्याकडं बघून.

प्रतिसाद :
रंकाळ्यात अजिबात सोडू नका. दमलेल्या पक्ष्याच्या पिसांत पाणी शिरतं आणि तो गारठून मरतो, शिवाय त्याचं खाणं म्हणजे समुद्रातले मासे, माकूळ (स्क्विड). पाय मोडलेलाच असेल असं नाही, यांचे पाय पोहण्यासाठी पार मागं असतात त्यामुळं जमिनीवर असेच सरकतात. चोच फिकट आणि टोक काळं म्हणजे फ्लेश-फूटेडच वाटतोय, वेज-टेल्डची चोच करडी असते आणि शेपूट लांब, निमुळती. शेपूट बघून सांगा. हे पक्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या बेटांवर बिळांत अंडी घालतात, आपल्या पावसाळ्यात त्यातले बरेच अरबी समुद्रात असतात, आणि वादळी वाऱ्यात एखादा असा घाट चढून आत येतो. ती नळी मिठासाठी, समुद्राचं पाणी प्यायलं की डोळ्यांवरच्या ग्रंथी मीठ गाळतात आणि ते खारं पाणी नाकातनं बाहेर येतं. भोकं पाडलेल्या खोक्यात टॉवेल घालून अंधारात ठेवा, तोंडात दूध-पाणी ओतू नका, आणि १९२६ वर वनखात्याला लगेच फोन लावा.

धागाकर्ता :
शेपूट आखूड आणि गोल आहे! म्हणजे फ्लेश-फूटेडच ना? फोन झाला, माणूस निघालाय. खोक्यात शांत बसलाय, हात लावला की चोच मारतोय. बरा झाला तर रत्नागिरीला नेऊन सोडतील का, आंबा घाटातनं १३० किमीच्या आसपास आहे, गाडी मी देतो. असा पक्षी समुद्रावर नेऊन सोडल्याचा कुणाला अनुभव असेल तर नक्की लिहा, वनखात्याच्या माणसाशी बोलताना कामी येईल.