म्हशींच्या तळ्यातला डीएनए

"तळ्याचं बाटलीभर पाणी तपासलं की शेतावरच्या सगळ्या जिवांची यादी मिळते" असं एकाने लिहिलं आहे. ते वाक्य मला जरा घाईचं वाटलं. पद्धत चांगली आहे, वाद नाही. प्राणी लाळ, विष्ठा, कातडीच्या पेशी मागे सोडतात. पाणी बारीक गाळणीतून गाळून त्यातला डीएनए काढायचा, पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या तंत्राने) वाढवायचा आणि आधी नोंदलेल्या प्रजातींशी ताडून बघायचा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयातल्या नुसत्या हवेतून 49 पृष्ठवंशी प्रजाती ओळखल्या होत्या. त्यात प्राण्यांना खायला घातलेले मासेसुद्धा निघाले!

खरी गोम तिथेच आहे: डीएनए सापडला म्हणजे तो जीव तिथे राहतोच असं नाही, आणि नाही सापडला म्हणजे तो नाहीच असंही नाही. आमच्या करवीर तालुक्यात म्हशी दुपारभर पाण्यात डुंबतात. त्या पाण्यात म्हशीचाच डीएनए एवढा असणार, की बेडूक, पाणसाप शोधणं अवघड. ओढ्याचा नमुना घेतलात तर वरच्या गावचे जीवही तुमच्या खात्यावर जमा. शिवाय जनावरं नेमकी किती, जिवंत की मेलेली, हे यातून कळत नाही.

मला विचाराल तर सुरुवात शेणापासून करा. जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिलं की ते शेणात उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक ठरतं. औषधाआधीचे आणि नंतरचे शेणाचे पो याच पद्धतीने तपासले तर कामाचं काही हाती लागेल. सोबत डोळ्यांनी किडे मोजाच. आणि नमुना घेताना हातमोजे घाला, नाहीतर यादीत पहिला नंबर तुमचाच!