डेव्हिड आर्सेनो : मोठा कोच की आकड्यांच्या मागे लागलेला माणूस?

पंधरावा_गडी :
अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की ड्यूक, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना एवढ्यावरच गाडी थांबते, म्हणून मुद्दाम एका छोट्या कॉलेजच्या कोचवर धागा काढतोय. आयोवा राज्यातलं ग्रिनेल कॉलेज, अभ्यासात एकदम कडक, विद्यार्थी दोन हजारांच्याही आत. कॉलेज खेळांच्या तिसऱ्या पायरीवर, डिव्हिजन ३ मध्ये, म्हणजे खेळावर एक पैशाची स्कॉलरशिप नाही. १९८९ मध्ये डेव्हिड आर्सेनो तिथे हेड कोच म्हणून आला तेव्हा टीम वर्षानुवर्षं हरत होती, उंच पोरं मिळत नव्हती आणि जी होती ती बेंचवर बसून कंटाळून खेळ सोडत होती. त्याने काय केलं, तर अख्खी पद्धतच उलटी केली. पाच जण आत, जेमतेम मिनिटभर जीव तोडून पळायचं, मग पाचही बाहेर आणि नवे पाच आत, असं पूर्ण मॅच. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्याला अख्ख्या कोर्टभर अंगावर जाऊन अडवायचं. टार्गेट ठरलेली: किमान ९४ शॉट, त्यातले निम्मे थ्री पॉइंटर (लांबून मारलेले, तीन पॉइंटचे), समोरच्यापेक्षा २५ शॉट जास्त, आपल्या हुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश वेळा उडालेला बॉल (रिबाउंड) परत आपल्याकडे, आणि त्यांच्याकडून ३२ टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच गमावलेले बॉल. १९९६ मध्ये कॉन्फरन्स (आसपासच्या कॉलेजांची लीग) जिंकली, १९६२ नंतर पहिल्यांदा. माझ्या मते हा माणूस मोठ्यातल्या मोठ्या कोचच्या पंक्तीत बसतो कारण त्याने पंधराव्या पोरालाही खेळवलं.

हाफकोर्ट :
पंधराव्या पोराचं कौतुक चाललंय आणि १३८ चा उल्लेखच नाही? २० नोव्हेंबर २०१२, ग्रिनेल विरुद्ध फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज. जॅक टेलर नावाच्या एकाच मुलाने १३८ पॉइंट केले. १०८ शॉट मारले त्याने, त्यातले ७१ थ्री पॉइंटर, ३६ मिनिटं खेळला आणि असिस्ट (दुसऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास) शून्य! सगळ्यांना खेळवायची पद्धत होती ना, मग त्या दिवशी ती कुठे गेली? आणि समोर कोण, तर जेमतेम काहीशे विद्यार्थ्यांचं बायबल कॉलेज. स्कोअर १७९-१०४. जिंकलेली मॅच चालू ठेवून एकाला बॉल देत राहायचं याला मी कोचिंग म्हणणार नाही.

लेअप_लता :
हाफकोर्ट यांच्याशी सहमत आणि एक गोष्ट जोडते, त्याच मॅचला समोरच्या डेव्हिड लार्सनने ७० केले होते, ४४ पैकी ३४ शॉट आत. का, तर ग्रिनेलवाले प्रेस तुटला की मागे पळतच नाहीत, लेअप (बास्केटजवळून सोपे दोन पॉइंट) देऊन टाकतात, कारण दोनच्या बदल्यात त्यांना तीन हवे असतात. कॉलेजातून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या मुलाला डिफेन्सला पाय कसे हलवायचे हेच शिकवलं नाही तर कोच कसला?

पंधरावा_गडी :
लताताई, लेअप देणं हा आळस नाही, हिशोब आहे. पटकन बास्केट दिली की बॉल पटकन आपल्याकडे येतो, मॅचमधल्या पझेशन, म्हणजे बॉल हातात येण्याच्या पाळ्या, वाढतात, आणि दमतो तो समोरचा ज्याचे सात-आठच जण फिरतायत. पटो न पटो पण विचार न करता केलेलं काही नाहीये त्यात. १३८ बद्दल मात्र उत्तर देतो. टेलर दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेला, सीझनच्या सुरुवातीला त्याचे शॉट पडत नव्हते, त्याला लयीत आणायचं म्हणून बॉल त्याच्याकडे वळवला. शिवाय बाकी पोरांनीच तो त्याला दिला, त्यांनाही त्यात मजा आली असणार, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

कल्याणकर :
हे वाचून आपल्याकडची जानेवारी २०१६ आठवली. प्रणव धनावडे, नाबाद १००९, समोर शाळेची कोवळी पोरं जी ३१ आणि ५२ मध्ये आउट झाली. तेव्हाही आम्ही पेढे वाटायच्या मूडमध्ये होतो, आणि दोन दिवस उन्हात फिल्डिंग करणाऱ्या त्या मुलांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुलाचा दोष शून्य, तो खेळला. पण मोठी माणसं मैदानाबाहेर असतात ती कशासाठी? आर्सेनोला माझा प्रश्न तोच आहे. बरं एकदा झालं तर समजू, पण २०११ मध्ये ग्रिफिन लेंट्श ८९, २०१३ मध्ये परत टेलर १०९. ही लय आणणं नाही, ही सवय झाली.

ट्रान्झिशन :
माझा आक्षेप वेगळाच आहे, निकालांवर बोला. स्कॉलरशिप नाही, उंची नाही हे सगळं विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लॅटव्हिलचा कोच बो रायनलाही लागू होतं. तोही डिव्हिजन ३. त्याने १९९१, १९९५, १९९८, १९९९ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं आणली, त्यातले दोन सीझन एकही मॅच न हरता, आणि पूर्णपणे डिफेन्स आणि संयमी खेळावर. पुढे विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या मोठ्या टीमला २०१४ आणि २०१५ ला फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, नेलं. ग्रिनेलकडे राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. सीझनमागून सीझन देशात सगळ्यात जास्त स्कोअर त्यांचा, पण पुढे काय?

पंधरावा_गडी :
प्लॅटव्हिल सरकारी युनिव्हर्सिटी, फी कमी, विद्यार्थी कितीतरी जास्त, आणि ग्रिनेलला ॲडमिशन मिळणंच मुश्किल, त्यामुळे दोन्हीकडची पोरं सारखी नव्हेत. रायन ग्रेटच, वादच नाही. पण डिव्हिजन ३ मधल्या बहुतेक कोचना विजेतेपदाचा बॅनर मिळणारच नसतो, मग त्यांना मोजायचं कशाने?

हाफकोर्ट :
मोजायचंच तर पद्धत वर टिकली का ते बघा. एनबीएतल्या (अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या) किंग्ज टीमचे मालक विवेक रणदिवे, जन्माने मुंबईचे, मुलीच्या टीमला स्वतः फुल कोर्ट प्रेस शिकवलेले. २०१४ ला त्यांच्या क्लबने आर्सेनोच्या मुलाला, डेव्हिड ज्युनिअरला, रेनो शहरातल्या डी-लीग (एनबीएच्या खालची लीग) टीमचा कोच केलं आणि तीच सिस्टिम लावली. स्कोअर ढिगाने झाला, पण मॅच जिंकण्यापेक्षा हरल्या जास्त. त्यात टीममध्ये जवळपास साडेसात फुटी सिम भुल्लर, त्याला असं पळवायचं!

लेअप_लता :
पण त्या सीझनच्या शेवटी भुल्लर एनबीएत खेळला, भारतीय वंशाचा पहिला. हे मी विरोधात असूनही लिहिते.

पंधरावा_गडी :
कल्याणकर, तुमचा प्रश्न मला खोडता येत नाही, समोरच्या टीमचा विचार आर्सेनोने करायला हवा होता. १३८ ची मॅच मी कधीच समर्थनाला पुढे करणार नाही. पण ती काढून ठेवली तरी उरतो तो दरवर्षीचा सीझन, ज्यात एका रात्री १५-१५ मुलं कोर्टवर उतरतात, ज्यांना दुसरीकडे वॉर्मअपपुरताच टी-शर्ट घालायला मिळाला असता. डॉक्टर, प्रोफेसर व्हायला निघालेली मुलं ही, बास्केटबॉलवर पोट भरणारच नव्हती. त्यांच्यासाठी जो खेळ उभा केला तो माझ्यासाठी चार बॅनरपेक्षा मोठा आहे.

कल्याणकर :
आणि फेथ बॅप्टिस्टची मुलंही प्रोफेशनल होणार नव्हतीच की. तीही हौसेनेच आली होती.