मनाली-लेहला सामान किती न्यायचं?

भावा, यादी बघितली तुझी. तंबू, स्टोव्ह, दोन जॅकेटं, ड्रोन... आणि क्लच केबल कुठाय? कोल्हापुरातनं हिमालयन ४११ बाईक घेऊन लेहला चाललायस ना, मग माझं ऐक, स्पेअर केबल पिशवीत नको, जुन्या केबलीच्या शेजारनंच आत्ताच ओवून टाय मारून ठेव, माझी तुटली तेव्हा बोटं गारठलेली, नवी केबल ओवायला पेट्रोलची टाकी काढायचं जीवावर आलेलं, पण नुसती दोन टोकं बदलली आणि सुटलो.

ट्यूबचे टायर आहेत म्हणजे पंप आणि टायर लिव्हर (टायर रिमवरनं काढायच्या पट्ट्या) पाहिजेतच. जादा ट्यूब एकच न्यायची असली तर पुढची २१ इंची ने, अडचणीला मागच्या १७ ला पण बसते, हळू चालवायचं मात्र. आणि एकदा घरी स्वतः चाक काढून बघ की, व्हिडिओ बघून येत नसतंय ते.

पेट्रोलचं म्हणशील तर मनालीच्या पुढं लागणाऱ्या टांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' अशी पाटीच फेमस आहे. टाकी १५ लिटरची, पण वर चढावर अॅव्हरेज पडतं, तेव्हा ५ लिटरचा कॅन राहू दे. लडाखात आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घे. सॅटेलाईट फोन परवानगीशिवाय नेलास तर पोलीस केस होईल, तो नाद सोड.

कॅरिअर उद्यमनगरातनं वेल्डिंग करून घे, आणि सगळं लादून एकदा गगनबावड्याला जाऊन ये. निम्मं सामान आपोआप घरी राहतंय बघ.