रि: रि: शनिवार – हॉलला नेट नाही, व्हिडिओ आधी कसे उतरवायचे?

ताई (मराठी शाळा)
मंडळी, शनिवारी पुन्हा तळघरातलाच हॉल. नेट नाही, फोनला रेंज नाही. संक्रांतीला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तीन व्हिडिओ गुरुवारपर्यंत पेनड्राइव्हवर हवेत: पाडव्याचं आपल्या मुलांचं नाटुकलं, डहाणूच्या बाईंचा वारलीचा, आणि फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा तुकडा. कोण करतंय?

नाना
लिंक टाकली की फाइल देणाऱ्या साइट ढीगभर आहेत. मी करतो.

वहिनी (खजिनदार)
नाना, नको. यूट्यूबच्या अटींत स्पष्ट आहे: त्यांनी डाउनलोडची सोय दिली नसेल किंवा परवानगी नसेल तर उतरवायचं नाही. इथे यूकेत स्वतःपुरती प्रत काढायची सूट २०१४ मध्ये आली होती, तीही २०१५ मध्ये हायकोर्टाने रद्द केली. मंडळाच्या नावावर हे नको.

नाना
माझं प्रीमियम आहे. दर महिन्याला पैसे भरतो, त्यात डाउनलोड आहेच की.

दादा
ते ॲपच्या आतच राहतं नाना, पेनड्राइव्हवर जात नाही. आणि वर्गणी आपल्या घरच्या बघण्यापुरती, हॉलभर लोकांसाठी नाही. शिवाय ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं. आईला मुंबईला घेऊन जाताना बिनसिमचा टॅब दीड महिना कपाटात होता. विमानात उघडला तर एकही कीर्तन लागेना. नऊ तास आई समोरच्या नकाशातलं विमान बघत बसली. फार वाईट वाटलं. आता आदल्या रात्री वायफायला लावून एकेक चालवून बघतो.
प्रोजेक्टर मीच आणेन, कोणी परस्पर नेऊ नका.

वहिनी
नाटुकलं आपल्याच चॅनेलवर आहे. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओसमोरच्या तीन टिंबांत डाउनलोड मिळतं. ७२० किंवा ३६०च येतं, मोठ्या पडद्यावर जरा पुसट. शूटिंग केलेल्यांकडे मूळ फाइल असेल तर तीच द्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, विकिमीडिया कॉमन्सवरून सरळ उतरवता येतो. इतर ठिकाणच्या प्रतींना कोणीतरी नवं संगीत जोडलेलं असतं, त्याचे हक्क वेगळे. मूकपट मूकच दाखवू.
चॅनेलचा पासवर्ड कोणाकडे आहे?

माई
जुन्या कार्यकारिणीने तो दिलेलाच नाही. मार्चपासून लिहितेय.

नाना
माई, पासवर्ड माझ्याकडे आहे. चॅनेल मी उघडलं, पहिले सगळे कार्यक्रम मी रात्र-रात्र जागून चढवले. मागितला असता तर दिला असता. आज वहिनींना फोनवर सांगतो, पण जुनं काही काढून टाकू नका. त्यात गेलेली माणसं आहेत.

माई
नाना, एकही काढणार नाही. शब्द देते.

ताई
डहाणूच्या बाईंना रविवारीच मेल केली होती, आत्ता उत्तर आलं: मुलांना खुशाल दाखवा. मूळ फाइलही त्यांनीच पाठवली. यूट्यूबवर नसलेला भाग आहे त्यात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात आणि बांबूच्या काडीचं टोक चावून चावून कुंचला करतात. मेल जपून ठेवलीय. मुलांच्या चित्रांचे फोटो मागितलेत त्यांनी, म्हणजे शनिवारी चित्रंही काढायचीच.
गेरूच्या रंगाचा कागद कोण आणतंय? चाळीस तरी लागतील.