रात्रपाळीत फिजिशियन असिस्टंटने लिहिलेली औषधाची ऑर्डर कायद्याने कोणाची?

रात्रपाळी

मी एका खासगी रुग्णालयाच्या हृदयशस्त्रक्रिया विभागात फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारी, स्वतः डॉक्टर नसलेली प्रशिक्षित साहाय्यक आहे. रात्री एखाद्या रुग्णाचा रक्तदाब उतरला किंवा पोटॅशियम कमी आले, की मी कन्सल्टंटना (रुग्णाच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) फोन करते. ते मात्रा सांगतात, मी ती केसपेपरवर लिहिते आणि सिस्टर औषध देतात. कन्सल्टंटची सही सकाळच्या राउंडला होते, कधी राहूनही जाते. आता डिस्चार्ज समरीवरची औषधेही मीच माझ्या सहीने लिहावीत आणि शस्त्रक्रियेची संमतीपत्रेही मीच घ्यावीत, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे. '२०२१ च्या कायद्याने तुम्हाला मान्यता मिळालेली आहे', असे कारण दिले जाते. ही मान्यता नेमकी कशाची आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दावा-अर्ज

मी वकील आहे आणि रुग्णालयांची प्रकरणे पाहतो. राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याच्या अनुसूचीत फिजिशियन असोसिएट, म्हणजे आपलाच व्यवसाय आहे, एवढे व्यवस्थापनाचे म्हणणे खरे आहे. परंतु त्या कायद्याचा विषय शिक्षणाचा दर्जा, नोंदवही आणि व्यावसायिक शिस्त हा आहे. वैद्यक व्यवसाय करण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. तो विषय राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ याचा आहे. त्याच्या कलम ३४ नुसार राज्य किंवा राष्ट्रीय वैद्यकीय नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने वैद्यक व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रात त्याशिवाय महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ याचे कलम ३३ आहे. बोगस डॉक्टरांवर गुन्हे बहुधा त्याच कलमाखाली नोंदवले जातात. अनुसूची एचमधील औषधाच्या वेष्टनावर ते केवळ नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीच्या चिठ्ठीवर विकावे असे छापलेले असते, ते शोभेसाठी नव्हे. सबब, आपल्या एकट्याच्या सहीने दिलेली औषधांची यादी ही कायद्याच्या दृष्टीने चिठ्ठी ठरत नाही.

याहून गंभीर बाब भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधली आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास सर्वसाधारण शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीच्या हातून तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. ही सवलत कोणाला मिळते, ते त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिले आहे आणि त्यात फिजिशियन असिस्टंट बसत नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात रुग्णालयाला आपल्या कर्मचाऱ्यांच्या कृतीची जबाबदारी टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सविता गर्ग प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. फौजदारी आरोप मात्र ज्याचा त्यालाच पेलावा लागतो.

जुनाजाणता

वरील प्रतिसाद जरा भीतीदायक वाटतो. २०१९ च्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये आधुनिक वैद्यकाशी संबंधित व्यक्तींना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. तिचा आधार का घेता येऊ नये?

दावा-अर्ज

कारण तो परवाना आयोगाने त्या व्यक्तीस प्रत्यक्ष दिलेला असावा लागतो. शिवाय स्वतंत्रपणे औषध लिहिण्याची मुभा प्राथमिक व प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेपुरती, आणि तीही ठरवून दिलेल्या औषधांपुरती आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतरचा अतिदक्षता विभाग त्यात कसा बसवणार?

टाका

मी शल्यचिकित्सक आहे. बायपासच्या वेळी पायाची शीर आमच्याकडे फिजिशियन असिस्टंट काढतात आणि अनेकदा नवशिक्या निवासी डॉक्टरांपेक्षा सफाईने काढतात. मी त्याच टेबलाशी उभा असतो, त्यामुळे त्या कामाबद्दल मला चिंता वाटत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांतही, वैद्यकाच्या वैयक्तिक देखरेखीखाली कुशल तांत्रिक साहाय्यकांना प्रशिक्षण देण्यास आडकाठी नाही. खरा वाद देखरेख म्हणजे काय, हा आहे. घरी झोपेतून उठून फोनवर मात्रा सांगणाऱ्या कन्सल्टंटने रुग्ण पाहिलेला नसतो, आणि त्याची सही सकाळीही झाली नाही तर त्या रात्रीच्या कागदावर डॉक्टर नावाचा माणूस उरतच नाही. रात्री रुग्णालयात नोंदणीकृत ड्युटी डॉक्टर असलाच पाहिजे आणि त्याने रुग्ण पाहून सही केली पाहिजे. तो खर्च वाचवण्यासाठी आपल्याला पुढे केले जात असेल, तर ते मला मान्य नाही.

संमतीपत्राबाबत समीरा कोहली प्रकरणाचा २००८ चा निकाल पाहावा. शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय डॉक्टरने रुग्णाला सांगणे त्यात अपेक्षित आहे. आपण नातेवाइकांना समजावून सांगावे, अर्ज भरून ठेवावा, त्यांच्या शंका टिपून घ्याव्यात. पण रुग्णाशी बोलणे आणि सही करणे हे माझेच काम आहे.

सहप्रवासी

मीही याच व्यवसायात आहे. तोंडी आदेश लिहिताना मी 'अमुक डॉक्टरांच्या दूरध्वनीवरील आदेशानुसार' असे लिहून वेळ टाकते, औषधाचे नाव व मात्रा फोनवर परत वाचून दाखवते, 'परत वाचले' अशी नोंद करते आणि सहीखाली पदनाम पूर्ण लिहिते. सही राहिलेल्या आदेशांची यादी सकाळी विभागप्रमुखांकडे लेखी देते. सुरुवातीला नाराजी होते, नंतर सह्या वेळेवर होऊ लागतात. नातेवाईक 'डॉक्टर' म्हणू लागले, तर तिथल्या तिथे दुरुस्ती करावी, कारण पुढे साक्षीत हीच गोष्ट विचारली जाते.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. डिस्चार्ज समरीचा मसुदा मी तयार केला आणि औषधांच्या यादीखाली डॉक्टरांनी नोंदणी क्रमांकासह सही केली, तर हरकत नाही ना?

दावा-अर्ज

हरकत नाही. मात्र त्यांनी यादी वाचून सही करावी. कोऱ्या किंवा आधीच सही केलेल्या कागदावर काहीही लिहू नये. आपली कामे कोणती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे रुग्णालयाकडून लेखी मागून घ्यावे. व्यवस्थापनाने टाळाटाळ केल्यास आपल्या विनंतीची पोचपावती तरी जपून ठेवावी.