जर्नल असलेल्या फाइल सिस्टीमवरही फाइल शून्य बाइटची कशी झाली?

गिरगावचा मुद्रितशोधक

गिरगावातल्या आमच्या छोट्या कार्यालयात सध्या दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन चालू आहे. सगळे लेख साध्या मजकुराच्या एका फाइलीत जोडणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला आहे. तो दर वेळी त्या वेळेच्या नावाने नवी फाइल तयार करतो आणि आधीची पुसून टाकतो. परवा संध्याकाळी मुसळधार पावसात वीज गेली, तेव्हा ही जोडणी होऊन जेमतेम दहा सेकंद झाले असतील. संगणक पुन्हा सुरू केला तर नवी फाइल जागेवर होती, पण शून्य बाइटची, आणि जुनी नाहीशी झाली होती. तीन दिवसांच्या दुरुस्त्या त्यात होत्या. लिनक्सवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, आहे, डिस्क एसएसडी आहे, आणि तपासणीत एकही दोष निघाला नाही. जर्नल, म्हणजे फाइल सिस्टीमची बदलांची नोंदवही, याच प्रसंगासाठी असते ना? आता काही हाती लागेल का?

परळचा प्रशासक

आधी तो संगणक बंद करा आणि त्या एसएसडीवर काहीही लिहू नका. बऱ्याच लिनक्स वितरणांत आठवड्यातून एकदा ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवण्याचे काम, आपोआप चालते. ते चालून गेले की पुसलेल्या फाइलीचा मजकूर मिळण्याची आशा जवळजवळ संपते.

आता कारण. नेहमीच्या मांडणीत ईएक्सटी४चे जर्नल फाइलींची नावे, आकार आणि कोणती जागा कोणाची एवढ्याच नोंदी सांभाळते; मजकूर त्यात जात नाही. या नोंदी साधारण दर ५ सेकंदांनी डिस्कवर पक्क्या होतात. मजकूर मात्र मेमरीत थांबतो, आणि पुढे सलग जागा देता यावी म्हणून त्याला जागा नेमून देण्याचे कामही फाइल सिस्टीम मुद्दाम लांबवते. हा विलंब ३० सेकंदांच्या आसपास असू शकतो. आपल्या बाबतीत नवे नाव चढल्याची आणि जुने पुसल्याची, अशा दोन्ही नोंदी पक्क्या झाल्या आणि मजकूर मेमरीतच राहिला. सोसायटीच्या दप्तरात जुन्या सभासदाचे नाव कमी करून नव्याचे चढवावे, पण नव्याने घरात अजून पाऊलही ठेवलेले नसावे, तशी ही स्थिती आहे. दप्तर चोख आहे, म्हणूनच तपासणीत काही निघाले नाही.

डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने संपूर्ण विभाजनाची (डिस्कच्या त्या भागाची) प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्या प्रतीतच शोधा. ईएक्सटी४ फाइल पुसताना तिच्या जागेचा पत्ताही पुसते, त्यामुळे नावावरून ती मिळणे कठीण आहे. पण मजकूर साधा असल्याने दुरुस्तीनंतरचे एखादे नेमके वाक्य ग्रेप या शोधाच्या आज्ञेने शोधता येईल. डिस्कवरची जागा ब्लॉक नावाच्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते; एक ब्लॉक सहसा ४०९६ बाइटचा असतो आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे एका ब्लॉकमध्ये सुमारे १३०० चिन्हे मावतात. लेखांचे तुकडे विखुरलेले सापडतील, अशी तयारी ठेवा.

ठाण्याची आज्ञावलीकार

हा वाद जुना आहे. ईएक्सटी४ डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२८ बरोबर स्थिर म्हणून आली आणि २००९ च्या सुरुवातीलाच लोकांच्या फाइली शून्य बाइटच्या होऊ लागल्या. तिचे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे होते की मजकूर टिकायला हवा असेल तर प्रोग्रॅमने एफसिंक, म्हणजे मजकूर आत्ताच डिस्कवर पक्का करण्याची आज्ञा, मागितलेच पाहिजे. तरीही २.६.३० मध्ये तोडगा आला: तात्पुरत्या नावाने लिहून ती फाइल जुन्या नावावर आणली, किंवा जुनी रिकामी करून तिच्यातच लिहिले, तर मजकूर लगेच डिस्ककडे धाडला जातो. नियमाने त्सो बरोबर होते, पण वापरणाऱ्यांची अपेक्षाही अवाजवी नव्हती, असे मला वाटते. तुमचा प्रोग्रॅम दर वेळी नवेच नाव देतो, म्हणून हे संरक्षण त्याला मिळाले नाही.

तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा, ते यशस्वी झाले का ते पाहा, नाव बदला, फोल्डरवरही एफसिंक करा आणि मगच जुनी फाइल पुसा. यश तपासणे कोणीही गाळू नये. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांना आढळले की लिनक्सवर एकदा फसलेले एफसिंक पुन्हा मागितले तर ते यश कळवू शकते, मजकूर डिस्कवर पोचलेला नसला तरी.

माटुंग्याचा वाचक

डिस्कच्या आतही कॅश, म्हणजे मजकूर तात्पुरता ठेवणारी मेमरी, असते. सर्व्हरसाठीच्या अनेक एसएसडींत वीज गेल्यावर तिच्यातला मजकूर लिहून ती रिकामी करता यावी म्हणून थोडी वीज साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडींत ते सहसा नसतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा आमच्याकडे यूपीएस होता, पण त्याची यूएसबीची तार संगणकाला लावलेली नव्हती, त्यामुळे बॅटरी संपत आल्याचे संगणकाला कळलेच नाही. यूपीएस घेतलात तर ती तार आवर्जून लावा.

गिरगावचा मुद्रितशोधक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. दुरुस्त केलेले एक वाक्य शोधताच त्या प्रतीत तीन ठिकाणी मजकूर सापडला. अकरापैकी नऊ लेख दुरुस्त्यांसह मिळाले. त्यांतला एक लेख मधोमध तुटलेला होता, तो दोन तुकडे जुळवून पूर्ण केला. उरलेल्या दोन लेखांच्या दुरुस्त्या कागदी मुद्रितांवर लाल शाईने केलेल्या आहेत, त्या आज पुन्हा घालतो आहे. प्रोग्रॅम वर सांगितलेल्या क्रमाने बदलला आहे, आणि अंक छापखान्यात जाईपर्यंत तो जुनी एकही फाइल पुसणार नाही.