मदत हवी आहे: पोर्ट्रेटसाठी ५० एमएमची लेन्स की ८५ ची?

मंडळी, माझ्याकडे कॅनन २०० डी कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स. आता खास चेहऱ्यांसाठी एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्यायचीय. ५० एमएम एफ १.८ एसटीएम आणि ८५ एमएम एफ १.८ यूएसएम यांच्यात गाडी अडलीय.

माझ्या कॅमेऱ्याच्या क्रॉप (लहान) सेन्सरचे १.६ पट धरले तर ५० ची चौकट फुल फ्रेमवरच्या (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ८० सारखी, ८५ ची थेट १३६ सारखी. शिवाजी पार्कात किंवा एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर मागे सरकायला ऐसपैस जागा, तिथे ८५ झकास. पण माझे निम्मे फोटो गिरगावात, चाळीतल्या खोलीत, म्हाताऱ्या माणसांचे. तिथे ८५ लावून मागे सरकलो की मी गॅलरीत आणि आजी आत! ५० ने जवळ जावं, तर नाक मोठं येईल का? शेवटी चेहऱ्याची ठेवण अंतरावर ठरते, लेन्सवर नाही.

दोन्हींत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही. खिडकीच्या संध्याकाळच्या उजेडात ८५ हातात धरून कितपत जमतं?

८५ बोरा बाजारातून वापरलेली घ्यायचीही तयारी आहे. आपल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशीची भीती असतेच. दुकानात उभ्या उभ्या ती कशी तपासता?